पाण्यातला चष्मा

चष्म्याला 'चाळिशी' हे नाव ज्या कोणी दिले, त्याने माणसाच्या आयुष्याचा हिशेब मोठ्या उदारपणे मांडला होता. पहिली चाळीस वर्षे डोळे फुकट वापरा आणि पुढे काचेचे भाडे भरा, असा तो सौदा. मला काही हा सौदा लाभला नाही. 1991 साली मी सहावीत असताना फळ्यावरच्या तीन आणि आठ या आकड्यांतला फरक मला कळेनासा झाला आणि मला चष्मा लागला. आमची आत्या कपाळाला हात लावून म्हणाली, "पोरीला आत्ताच चाळिशी! हिचे आता कसे व्हायचे?" हिचे जे व्हायचे ते सगळे यथास्थित झाले. लग्न झाले, शाळेत नोकरी लागली, कादंबऱ्याही छापून आल्या. आणि नंबर वाढत वाढत उणे पाचावर येऊन थांबला. मग खरोखरीची चाळिशी आली, तेव्हा गंमत अशी झाली की, माझ्या वयाच्या साऱ्याजणी वाचायला बसताना चष्मा शोधू लागल्या आणि मी वाचायला बसताना चष्मा काढू लागले. उणे पाच नंबराच्या माणसाला उघड्या डोळ्यांनी 20 सेंटिमीटरपर्यंतचे, म्हणजे जवळजवळ वीतभर अंतरावरचे, स्वच्छ दिसते. त्यापलीकडचे जग म्हणजे पावसात भिजलेले चित्र. पुस्तक वितीच्या आत धरता येते. माणसे धरता येत नाहीत, एवढीच काय ती अडचण.

हे चष्मापुराण लावण्याचे कारण असे की, गेल्या डिसेंबरात आमच्या कन्येने मला समुद्राच्या तळाशी नेण्याचा घाट घातला. आम्ही घाटावरची माणसे. आम्ही मालवणला जावे, 1664 साली शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग होडीतून जाऊन पाहावा, सोलकढीची वाटी पुन्हा एकदा मागून घ्यावी आणि परतीच्या एस. टी.त बसावे, अशी आजवरची रीत. पण आता मालवण-तारकर्लीला पाठीवर हवेची टाकी बांधून माणसांना पाण्याखाली उतरवतात. पावसाळ्यात हे सगळे बंद असते. दिवाळीच्या सुमारास समुद्र निवळू लागला की होड्या पुन्हा निघतात. पोहता न येणारी माणसेही खाली जाऊन येतात, कारण एक जाणता पाणबुड्या सारा वेळ त्यांना धरून असतो.

"पण मला तिथे दिसणार काय?" मी विचारले.

"मासे!" कन्या म्हणाली.

"माशांना मी दिसेन ग. मला मासे कसे दिसायचे?"

या प्रश्नाला कन्येजवळ उत्तर नव्हते. आमच्या ह्यांच्याजवळ होते. ते म्हणाले, "घरात तरी तुला चष्म्याशिवाय काय दिसते? निदान तिथे ठेच लागायची भीती नाही."

शाळेत शिकवणाऱ्या माणसाला एक खोड असते; कोणत्याही गोष्टीला भिण्यापूर्वी ती समजून घ्यावीशी वाटते. त्यामुळे जाण्याच्या आधी मी डोळ्याचा आणि पाण्याचा संबंध वाचून काढला, आणि मला मोठी समाधानकारक गोष्ट कळली. पाण्यात उघड्या डोळ्यांनी पाहणारे सगळेच आंधळे असतात! आपण समजतो, की डोळ्यात आतले भिंग आहे तेच सारे काम करते. तसे नाही. डोळ्याची एकंदर ताकद चष्म्याच्या नंबराच्या मापाने सुमारे 60 धरली, तर त्यातली 43 च्या आसपास ताकद डोळ्याच्या अगदी पुढच्या पारदर्शक पडद्याची, पारपटलाची असते. हवेतून आलेला किरण त्या पडद्यात शिरताना वाकतो, कारण हवा विरळ आणि पडदा दाट. पण पाणी जवळजवळ त्या पडद्याइतकेच दाट. पाण्यातून आलेल्या किरणाला आपण दुसऱ्या पदार्थात शिरलो याचा पत्ताच लागत नाही. तो वाकत नाही, आणि डोळ्याची दोन तृतीयांश कमाई क्षणात बुडते. पाण्यात डोळे उघडणे म्हणजे अधिक चाळीस नंबराचा चष्मा घरी विसरून येणे. तिथे माझे उणे पाच आणि कन्येचे शून्य यांत फरक तो कितीसा राहिला? उलट माझा उणे नंबर तेवढ्यापुरता माझ्या बाजूचा.

माशांना ही अडचण नाही. त्यांच्या डोळ्यातले भिंग आपल्यासारखे चपटे नसून गोटीसारखे गोल असते, आणि सारे काम ते एकटेच करते. मासे खाणाऱ्या घरात हे सांगायला नको. शिजलेल्या माशाच्या डोळ्यातून जी पांढरी टणक गोटी निघते, तेच ते भिंग.

माणसांतही एक अपवाद आहे. थायलंड आणि म्यानमार यांच्या किनाऱ्यालगत, अंदमानच्या समुद्रातल्या बेटांवर मोकेन नावाचे दर्यावर्दी लोक राहतात. त्यांची मुले पाण्यात बुडी मारून उघड्या डोळ्यांनी शिंपा-कालवे वेचतात. स्वीडनच्या अॅना गिस्लेन या संशोधिकेने 2003 साली असे दाखवून दिले की, या मुलांची पाण्यातली नजर युरोपातल्या मुलांच्या दुपटीहून अधिक तीक्ष्ण आहे. एरवी पाण्यात सगळे अंधुक झाले की आपल्या डोळ्याची बाहुली आहे तशीच राहते. ही मुले मात्र ती 2 मिलिमीटरहूनही बारीक करतात आणि आतल्या भिंगाला होईल तितका फुगवटा देतात. सुई ओवताना आपण डोळे बारीक करतो, तसलाच हा प्रकार. फक्त तो डोळ्याच्या आत चालतो. ही जन्माची देणगी असेल असे वाटले होते. पण पुढे स्वीडनमधल्या मुलांना महिनाभरात अकरा वेळा सराव दिला, तर त्यांनाही ती विद्या येऊ लागली. ही हकीकत 2006 साली प्रसिद्ध झाली. शिक्षकाच्या मनाला याहून गोड बातमी कोणती? मात्र तिच्या शेपटीला एक विंचू होता. ही विद्या पोरवयातली. वय वाढते तसे भिंग कडक होत जाते, फुगेनासे होते, आणि मोकेनांतल्या मोठ्या माणसांनाही ती कला राहत नाही. म्हणजे तिथेही अखेर चाळिशी आलीच.

आपल्यासारख्यांसाठी उपाय एकच, तो म्हणजे मुखवटा. डोळे आणि नाक झाकणारा, पुढे काच आणि भोवती मऊ रबरासारखी कड असलेला. सगळी करामत काचेची नसून काचेमागे कोंडलेल्या मूठभर हवेची असते. ती हवा असली की किरण पुन्हा हवेतून डोळ्यात शिरतो, आणि पारपटलाला त्याची गेलेली नोकरी परत मिळते. मात्र पाण्यातून काचेत आणि काचेतून हवेत येताना किरण एकदा वाकतोच. त्यामुळे पाण्यातली वस्तू खऱ्या अंतराच्या पाऊण अंतरावर आणि तिसऱ्या हिश्श्याने मोठी दिसते. पाण्याखालून वर आलेला माणूस माशाची लांबी दोन्ही हात पसरून सांगतो, त्याला आपण थापाड्या म्हणतो. बिचारा डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगत असतो.

नेहमी बुड्या मारणारी चष्मेवाली माणसे आपल्या नंबराच्या काचा मुखवट्यात बसवून घेतात. काहीजण बुबुळावर बसवायची मऊ भिंगे वापरतात. पण मुखवट्यात पाणी शिरून डोळे उघडले तर ती वाहून जायची आणि पाण्यातल्या जंतूंनी डोळा बिघडायची धास्ती राहते. वर्षातून एकदा, तेही मुलीच्या हट्टासाठी, समुद्रात उतरणाऱ्या बाईला कोण नंबराच्या काचा बसवून देणार? होडीवरचा मुलगा पहिल्याच दमात म्हणाला, "ताई, चष्मो काढूचो लागतलो. दांडी मधी इली, की पाणी भितर येतला." मी चष्मा काढला आणि ह्यांच्या हातात दिला. त्या क्षणी होडी, किल्ला, माझा नवरा आणि माझी मुलगी हे सर्व एकाच ओल्या रंगाचे झाले.

पुढचा विधी आमच्या आईने पाहिला असता तर तिने मला तिथेच आंघोळ घातली असती. मुखवट्याच्या काचेवर आतून वाफ धरते. उबदार श्वास आणि थंड काच यांचे ते लग्न. ती धरू नये म्हणून काचेवर आतल्या बाजूने थुंकायचे, बोटाने चोळायचे, आणि समुद्रात एकदा विसळून तो मुखवटा तोंडावर चढवायचा! थुंकीचा पातळ थर काचेवर बसला की वाफेचे थेंब सुटे सुटे जमत नाहीत, पसरून जातात, आणि काच स्वच्छ राहते. उष्ट्या-खरकट्याचे सोवळे ज्या घरात कडक, त्या घरातली मी. पण नजरेसाठी माणूस काय करीत नाही?

आधी छातीइतक्या पाण्यात शिकवणी झाली. श्वास फक्त तोंडाने घ्यायचा. खाली जाताना कानात दडे बसले तर नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचे. मुखवटा चेहऱ्याला आवळू लागला तर नाकाने थोडी हवा त्यात सोडायची, नाहीतर डोळ्यातल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. आणि मुखवट्यात पाणी शिरलेच, तर मान वर करून वरची कड दाबायची आणि नाकाने हवा सोडायची. हवा वर चढते, पाणी खालून निघून जाते. पाण्याखाली बोलता येत नाही म्हणून खुणा. तर्जनी आणि अंगठा जुळवला म्हणजे ठीक आहे. पंजा आडवा डुलवला म्हणजे काहीतरी बिघडले आहे. आणि आपण एरवी शाबासकीला दाखवतो तो अंगठा वर केला, तर त्याचा अर्थ "मला वर न्या". "मी मागसूनच आसतलंय," तो मुलगा म्हणाला. "भियां नकात."

सहा-सात मीटर खाली गेलो असू. पहिल्यांदा जाणवला तो माझाच श्वास. खोलीत कुणी परका झोपला असावा तसा. मग रंग. वरून येणाऱ्या उजेडातला तांबडा रंग पाणी सर्वांत आधी गिळते, म्हणून माझ्या हातातला लाल चुडा मातकट दिसू लागला होता. वीतभर अंतरावर माझा हात होता, आणि त्यापुढे हिरवट-निळे धुके. त्यात काही हलत होते. ते मासे असावेत. कुठे काही गडद होते. तो खडक असावा. या 'असावा'च्या राज्यात मी काही वेळ बरी होते. अंधुकपणाची मला सवय होती. रोज सकाळी उशाशी चष्मा चाचपडणारे माणूस धुक्याला भीत नाही.

मी भ्याले ते दुसऱ्याच गोष्टीने. त्या मुलाला पाहावे म्हणून नजर वळवली, तर तिथे मुखवट्याची काळी कड. उजवीकडे वळवली, तर कड. चष्मा अंधुक असो की स्वच्छ, जमिनीवर आपल्याला दोन्ही बाजूंचे काहीतरी दिसत असते. कुणी आले-गेले कळत असते. इथे समोरच्या चौकटीपलीकडे जगच नव्हते. तिथे काळोख होता असे म्हणावे, तर काळोख निदान दिसतो तरी. हे नुसते नसणे होते. मी पूर्ण मान फिरवली, तर तो मुलगाही माझ्यामागोमाग फिरलेला. पुन्हा नाही दिसला. छाती धडधडू लागली, श्वास भराभरा होऊ लागला. आणि त्याच क्षणी मला आमचे अण्णा आठवले.

अण्णा गावच्या सोसायटीत हिशेबनीस होते. 1998 साली त्यांना काचबिंदू असल्याचे निदान झाले. मोतीबिंदू सर्वांना ठाऊक असतो. तो पिकतो, काढता येतो, नवे भिंग बसते आणि आजी पुन्हा सुईत दोरा ओवू लागते. काचबिंदूची जात निराळी. डोळ्याच्या आत एक प्रकारचे पाणी सतत पाझरत असते आणि निचरून जात असते. हे पाणी म्हणजे अश्रू नव्हेत. त्याचा निचरा तुंबला की डोळ्यातला दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणारी नजरेची नस सुकत जाते. बहुतेकांच्या बाबतीत दुखत नाही, खुपत नाही, लाली येत नाही. नजर जाते ती बहुधा कडेकडेने. मधली फार दिवस शाबूत असते. गेलेली परत येत नाही. उरलेली औषधाच्या थेंबांनी राखायची, एवढेच माणसाच्या हाती.

त्यामुळे अण्णा खतावणीतले मुंगीएवढे आकडे घडाघडा वाचत, आणि उठून निघाले की दारातल्या बादलीला ठेचकाळत. समोरचा माणूस त्यांना स्वच्छ दिसे. शेजारून "रामराम" घालून जाणारा दिसत नसे. गावाला हे कोडे उलगडेना. "बारीक अक्षर दिसते आणि धडधाकट माणूस दिसत नाही होय? हिशेबनिसाला ताठा आला आहे," असे म्हणणारेही होते. अण्णा कुणाला समजवायला गेले नाहीत. आईने मात्र घरापुरता कायदा केला. पायऱ्यांच्या कडांना चुन्याचे पट्टे ओढले. चहाचा कप अण्णांच्या अगदी समोर ठेवायचा, बाजूला नाही. आणि त्यांच्या कडेने येणाऱ्याने आधी बोलायचे, "मी आले." ही सवय आम्हा भावंडांच्या इतकी अंगवळणी पडली की, लोकांच्या घरीसुद्धा आम्ही "मी आले, मी आलो" असे पुकारत शिरत असू आणि लोक हसत. अण्णा 2011 साली गेले. शेवटी शेवटी त्यांची नजर म्हणजे जेमतेम एक ओंजळ उरली होती. तिच्यातून त्यांनी माझी पहिली कादंबरी ओळ न् ओळ वाचली आणि छपाईच्या सतरा चुका काढून दिल्या.

त्या आजाराविषयी मला सगळे माहीत होते. नस कशी सुकते, थेंब कधी घालायचे, दाब किती असावा, सारे पाठ होते. पण तेरा वर्षे अण्णांनी कशात काढली हे मला समुद्राखालीच पहिल्यांदा अंगाने कळले. कडेला जग नसणे म्हणजे केवळ कमी दिसणे नव्हे. कोण जवळ आहे आणि कोण गेले, याचा भरवसाच नसणे. माणूस ज्याला ताठा म्हणतो, ते पुष्कळदा असे असते, की समोरच्याने आपली मान, पाठ, पाऊल सारे काही जपून एका रेषेत धरलेले असते.

माझ्या खांद्यावर दोन बोटे पडली. टकटक. एवढेच. तो मुलगा होता तिथेच, माझ्या मागे, हवेच्या टाकीला धरून. ती बोटे काय बोलली हे मला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. आमच्या घरात तेरा वर्षे बोलली गेलेली ती भाषा होती. "मी आलो", "मी आहे". मी तर्जनी आणि अंगठा जुळवला. माझा श्वास लांब झाला.

आणि मग मासे आले. दूरचे नाही, दूरचे मला दिसणारच नव्हते. पण पाण्याने माझ्यावर एक छोटा उपकार केला होता. सगळ्या वस्तू पाऊण अंतरावर आणून ठेवण्याच्या त्याच्या खोडीमुळे माझी वीतभर स्वच्छ दुनिया वितीवर दोन बोटे झाली होती. त्या जागेत पिवळसर अंगावर उभे काळे पट्टे असलेला एक मासा आपण होऊन आला आणि माझ्या काचेसमोर थांबला. त्याच्या कल्ल्याची उघडझाप, पंखांची बारीक फडफड, खवल्यांच्या कडा आणि तो गोल, बिनपापणीचा, गोटीच्या भिंगाचा डोळा! चांगल्या नजरेची माणसे दूरवर पाहत असतात, त्यांना इतक्या जवळचे पाहायला सवड नसते. आम्ही दोघे एकमेकांना क्षणभर न्याहाळत राहिलो. त्याची नजर पाण्यासाठी घडलेली, माझी हवेसाठीही धड न घडलेली. पण तेवढ्यापुरते आमचे छान जुळले.

वर आल्यावर ह्यांनी चष्मा पुढे केला. तो घालताच किल्ल्याचा तट दगडादगडाने उभा राहिला. होडीवरच्या मुलांनी पाण्याखाली काढलेली फीत कन्येने रात्री मला दाखवली. तीत माशांचे थवे होते, पोवळ्यांच्या कपारी होत्या, वरून झिरपणारा उजेड होता; आणि मध्ये मी, पंजे हलवणारी एक गोंधळलेली बाई. "बघ, किती सुंदर होते सगळे! तुला यातले काहीच नाही ना दिसले?" कन्या हळहळली. मी म्हटले, "मला एकच मासा दिसला; पण तो पुरा दिसला."

तिला मी त्या दोन बोटांविषयीही सांगितले. अण्णा गेले तेव्हा ती फार लहान होती. आजोबांच्या कडेने जाताना आपणही "मी आले" म्हणत होतो, एवढेच तिला अंधुकसे आठवते. काचबिंदू रक्ताच्या नात्यात उतरू शकतो. मालवणला निघण्यापूर्वी मी डोळे तपासून घेतले होते, तेव्हाच डॉक्टरांनी सांगितले होते, की समुद्राच्या दाबाची चिंता नको. घरच्या दाबाकडे लक्ष ठेवा. तेव्हापासून आमच्या घरात एक नवा कुळाचार सुरू झाला आहे. दिवाळीची सुट्टी संपत आली, चकलीच्या डब्याच्या तळाशी नुसता चुरा उरला, की आम्ही मायलेकी डोळ्यांचा दाब मोजून घेतो. पाऱ्याच्या 10 ते 21 मिलिमीटरच्या आत तो असला म्हणजे साधारणपणे ठीक. शिवाय डॉक्टर आत डोकावून ती नसही पाहून घेतात. गेल्या खेपेला तिचा 14 भरला, माझा 17. डॉक्टर म्हणाले, "छान आहे. आता पुढच्या वर्षी या."

कन्या लगेच म्हणाली, "मग पुढच्या वर्षी समुद्रातही जाऊ. पण या खेपेला तुझ्या नंबराच्या काचा बसवून घेऊ हं."

मी हो म्हटले आहे. त्या मुलालाही एकदा स्वच्छ नजरेने पाहायचे आहे. त्या दिवशी होडीवर मी त्याचा आवाज ऐकला, पाण्याखाली त्याची बोटे ओळखली. पण चेहरा म्हणाल, तर तो अजून मी पाहिलेला नाही.